जिनेशच्या फोनचं मौनव्रत

धुळ्याच्या जिनेशला देवानं दुकान, घर, तब्येत सगळं दिलं होतं. फक्त तोंड बंद करायची सोय द्यायची राहून गेली होती. वडिलांच्या भांड्यांच्या दुकानात गिऱ्हाइकानं तांब्या मागितला, की हा तांब्याच्या खाणीपासून सुरुवात करायचा. "बोलणाऱ्याची माती विकली जाते, न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं," हे त्याला लहानपणी वडिलांनी, रतिलालभाऊंनीच शिकवलं होतं. आता तेच भोगत होते.

असा हा जिनेश जळगावला महावीरभाऊंची मुलगी विधी बघायला गेला. विधी वडिलांची दालमिल सांभाळायची. बोलायची कमी आणि हसायची आधी डोळ्यांनी. जिनेश जागच्या जागी विरघळला, आणि विरघळून त्यानं काय केलं, तर खिशातून फोन काढला. कंपन्या फोनमध्ये स्वतःचा कचरा कसा भरतात, यावर त्यानं पोहे गार होईपर्यंत भाषण दिलं. विधीच्या वाट्याला "साखर किती?" एवढंच वाक्य आलं.

"विचार करून फोन करतो," महावीरभाऊ म्हणाले.

झालं, जिनेशचा जीव टांगणीला लागला. जैनांचं आठ दिवसांचं पर्युषण सुरू झालं, घरची मंडळी उपास-तापास करत होती, आणि हा फोनकडे बघत होता. बघून बघून त्याला वाटलं, हा फोन हळू चालतो. मग त्यानं तेच केलं जे सुखातला जीव दुःखात घालणारी माणसं करतात. कंपनीनं दिलेली सिस्टिम पुसून टाकली आणि इंटरनेटवरच्या कुणा हौशी लोकांनी बनवलेली दुसरी, म्हणजे कस्टम रॉम, फोनवर चढवली. सोबतची सूचना होती, की काही बिघडलं तर आम्ही जबाबदार नाही. ती जिनेशनं वाचली. वाचून कौतुकानं हसलाही.

करायला गेला गणपती आणि झाला मारुती. फोन पळायला लागला, हे खरं. पण फोटो आणि नंबर सगळे धुवून निघाले. बँकेचं ॲप म्हणालं, हा फोन विश्वासाचा नाही, आणि उघडेचना. कॅमेऱ्यात रतिलालभाऊ हिरवे दिसू लागले. आणि सगळ्यात वाईट म्हणजे फोनवर समोरच्याचा आवाज यायचा, पण याचा जायचा नाही.

जिनेश धावत फोन दुरुस्त करणाऱ्या चुडामणकडे गेला. चुडामणनं फोन उलटासुलटा केला.

"आवाज येस, पन जास नही. भाऊ, चांगला फोन व्हता, तुले कसाना किडा चावना? आते कंपनीवाला हातबी लावाव नहीत."

तेवढ्यात फोन वाजला. आवाज महावीरभाऊंचा!

"जय जिनेंद्र, जिनेशजी!"

"जय जिनेंद्र! जय जिनेंद्र!" जिनेश इतक्यानं ओरडला, की रस्त्यावरची म्हैस थांबली. जळगावला मात्र चिडीचूप.

"हॅलो? बोलत का नाही?" महावीरभाऊंनी विचारलं. मग त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "अरे, पर्युषण! मौन धरलंय का तुम्ही? आठही दिवस? तसं असेल तर बोलू नका, नुसता फोन ठेवा."

जिनेशनं पप्पांच्या फोनवरून बोलावं म्हणून नेमका त्याच क्षणी फोन ठेवला.

तो दुकानात पोचला, तर रतिलालभाऊ आधीच जळगावशी बोलत होते. "हो... हो... मुलगा तसा धार्मिकच आहे." फोन ठेवून त्यांनी जिनेशकडे असं पाहिलं, की त्याचं उघडलेलं तोंड मिटलं. "जळगावच्या सगळ्या समाजात तुझं कौतुक चाललंय. शेवटच्या दिवसापर्यंत, संवत्सरीपर्यंत शब्द जरी काढलास, तरी घरात घेणार नाही. लिहायचंसुद्धा नाही!"

दुकानात इतकी शांतता बऱ्याच वर्षांनी नांदली. दोन बायका तर कढया घेऊन गेल्यासुद्धा.

पुढे विधीचाच फोन आला. "तुम्ही बोलू शकत नाही, म्हणूनच केलाय," ती म्हणाली, आणि बोलत राहिली. मिल सोडायची नाही म्हणाली. घरात सगळे आपल्यालाच शांत म्हणतात, पण विचारत कुणी नाही, म्हणाली. जिनेशच्या जिभेवर उत्तरांची रांग लागली होती. रॉमनं एकही जाऊ दिलं नाही. मग त्याला कळलं, की आपण ऐकतोय, आणि हे ऐकणं फार गोड आहे. तिच्याशी खोटं वागतोय याचं त्याला मनापासून वाईट वाटलं.

संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी एकमेकांची क्षमा मागायला सगळे जळगावला निघाले. पारोळ्याला चहा घेतानाही जिनेश गप्प होता. महावीरभाऊंच्या दिवाणखान्यात शाल, माळ आणि वीसेक पाहुणे तयारच होते. "आमचे कुंवरसा, होणारे जावई, मौनाचे तपस्वी!" म्हणत त्यांनी माळ घातली. समोर विधी डोळ्यांनी हसत होती. तिथे जिनेशला राहवलं नाही.

"खमतखामणा!" त्यानं हात जोडले. "मी मौन धरलंच नव्हतं. फोनवर रॉम चढवला, म्हणून आवाज जात नव्हता. मी खोटं वागलो. माफ करा."

महावीरभाऊंच्या हातातली शाल हातातच राहिली. रतिलालभाऊ छताकडे बघू लागले. विधीच्या आजी पानबाई तेवढ्या पुढे सरकल्या. "रॉम? हे कोणतं तप? पाणी चालतं का त्यात?"

विधी मोठ्यानं हसली. मग तिनंही हात जोडले. "मीही क्षमा मागते. मी तो फोन नाही म्हणायला केला होता. पण आजवर माझं बोलणं असं मधे न तोडता कुणी ऐकलं नव्हतं, म्हणून नाही म्हणायचं राहून गेलं. आता म्हणायचंही नाही."

न बोलणाऱ्याचं सोनं विकलं गेलं होतं. जिनेशला हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. "म्हणजे होकार? मी आजच नवा फोन घेतो! त्याचं काय आहे, नव्या फोनचा प्रोसेसर..."

"फोन तोच राहू द्या," विधी म्हणाली. "तेवढी एकच अट आहे माझी."