हात लावू नये

मी एक जुनी चाळणी आहे. पितळी कड, बारीक जाळी. माझ्या बहिणी स्वयंपाकघरांत गेल्या, पिठात लोळल्या. मला मात्र भर समुद्रातल्या तेलविहिरीवर धाडलं. मित्रांनो, चहूकडे पाणी आणि माझ्या वाट्याला चिखल!

विहीर खोदताना चिखलाबरोबर तळच्या दगडाचे कपचे वर येत. माझ्या मालकीणबाई भूवैज्ञानिक. दर अर्ध्या तासाने त्या तो चिखल माझ्यात ओतून धूत आणि चिमूटभर कण दातांखाली धरत. करकरले तर वाळू, लोण्यासारखे लागले तर माती. लेकीने फोनवर विचारलं, "आई, तिथलं जेवण बरं असतं का गं?" बाई म्हणाल्या, "मीठ जरा जास्त पडतं."

नव्वद पुरुषांत त्या एकट्या. त्या जेवायला बसल्या की शेजारच्या टेबलावरच्या गप्पा आटत. माझ्याशी मात्र भरपूर बोलत.

एका दुपारी कपचे नेहमीसारखे बोथट नव्हते. लांब, धारदार होते. बाईंचे हात थांबले. खाली दाब वाढला की विहिरीच्या भिंतीचे असे ढलपे उडतात. मला तशीच निथळती घेऊन त्या खोदकामाच्या साहेबांकडे धावल्या.

"खोदणं थांबवा."

"बाई, सगळे मीटर ठणठणीत आहेत. चाळणीचं ऐकून थांबवू? दिवस वाया गेला तर वरचे माझी सालटी काढतील."

"विहीर उसळली तर काढायला सालटीही उरणार नाहीत."

साहेबांनी एक कपचा उचलला. तो कचकन बोटात घुसला. "थांबवा रे!" ते ओरडले.

खालचा दाब आवरायला आधी विहिरीत जड चिखल भरला, मगच पुढे खोदलं. काहीच झालं नाही. आणि काहीच झालं नाही म्हणून शाबासकी देण्याची पद्धत कुठेही नाही. वाया गेलेल्या दिवसाचा खुलासा मात्र बाईंकडे मागितला गेला. तो लिहून झाल्यावर त्यांनी मला पुसलं. म्हणाल्या, "आपण दोघीच गं."

पुढे माझं काम यंत्र करू लागलं. मला कचेरीच्या दारात मखमलीवर बसवलं. खाली पाटी : 'जुने अवजार. हात लावू नये.' त्या दुपारचा एक कपचा अजून माझ्या जाळीत अडकला आहे. त्याबद्दल पाटीवर अक्षर नाही.

निवृत्तीच्या दिवशी बाई आल्या. त्यांना तो कपचा लगेच दिसला. बोट पुढे आलं.

"मॅडम, पाटी वाचा," पहारेकरी म्हणाला.

बाईंनी पाटी वाचली. बोट मागे घेतलं, पर्स सावरली आणि निघून गेल्या.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं शेवटी सांगायचं असतं. मी म्हणते, इतक्या जपू नका. इकडे आलात आणि पहारेकरी चहाला गेलेला असला, तर जरा हात लावा.