पाणी गप्प झाले तेव्हा

सुज्ञ वाचकहो, एका घरातील मत्स्यपेटीचा आवाज कोणत्या उपायाने बंद करण्यात आला, आणि तो बंद झाल्यावर काय ऐकू आले, याचा वृत्तान्त पुढे सादर करीत आहे. शेवटचा भाग लेखकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे. आधीचा भाग त्या घरच्या सूनबाईंनी सांगितला तसा उतरविला आहे. पदरचे काही घातले असेल तर ते केवळ शब्द.

सूनबाईंनी पंपाचे बटण बंद केले, करवत घेतली आणि मत्स्यपेटीखालच्या कपाटात अर्धे अंग घालून खाली येणारा पाइप मधोमध कापला. पाइपात राहिलेले पाणी त्यांच्या कोपरापर्यंत ओघळले. बाहेर स्टुलावर त्यांचे सासरे हातात कंदिलासारखी बॅटरी धरून बसले होते.

"सरळ कापलास का?"

"सरळच आहे, बाबा."

"आमच्याकडे सरळ म्हणजे केसाचाही फरक चालत नाही."

"हे नळाचं काम आहे. इथं गळलं नाही म्हणजे सरळ."

सासरे घड्याळजी. गावात त्यांना याच नावाने ओळखत. गुडघ्यांनी दुकानाचा जिना नाकारल्यापासून त्यांचे टेबल बैठकीच्या खोलीत, खिडकीपाशी आले होते, आणि तेथून सात पावलांवर सूनबाईंची चार फुटी पेटी होती. पेटीतील पाणी कोपऱ्यातील कप्प्यात सांडे, तेथून पाइपाने कपाटातील दुसऱ्या टाकीत उतरे, स्पंजातून गाळले जाई आणि पंपाने पुन्हा वर चढे. या उतरण्याचाच तो आवाज. एखादा माणूस अखंड चूळ भरीत बसावा, तसा.

दुरुस्त केलेले घड्याळ कानाशी धरून त्याची चाल पारखणे, ही घड्याळजींची आयुष्यभराची रीत होती. चाल मोजणाऱ्या यंत्रावर त्यांचा विश्वास नव्हता. परंतु गेल्या दोन महिन्यांत तीन घड्याळे परत आली होती. पैकी एक, खिशातले, चाळीस वर्षे येत असलेल्या गिऱ्हाइकाचे होते. त्याने ते टेबलावर ठेवले आणि पाणीसुद्धा न घेता तो निघून गेला. "या गुळगुळाटात काय ऐकू येणार, कपाळ," असे घड्याळजी त्या दिवशी पुटपुटले. सूनबाईंनी ते ऐकले. त्यांनी कोणास न विचारता जुन्या पेट्या विकत घेणाऱ्या काचवाल्याला दुसऱ्या दिवशी पाच वाजता बोलावले. नऊ वर्षे त्यांनी ते मासे वाढविले होते. एक म्हातारा, टकलासारखे कपाळ असलेला मासा तर त्यांचे बोट ओळखून वर येई. त्याचे नाव हेडमास्तर.

ही गोष्ट घड्याळजींना ऐन दिवशी दुपारी जेवताना समजली. त्यांनी घास ताटात ठेवला.

"पाचला येणार ना तो? मग पाचपर्यंत पेटी तुझी आहे. आधी आवाजाची नाडी बघू."

त्यांनी लांब दांड्याचा पेचकस आणला. त्याचे टोक पाइपावर टेकविले, मूठ कानामागच्या हाडाशी धरली आणि डोळे मिटले. वैद्याने छाती तपासावी तशी त्यांनी ती पेटी वरपासून खालपर्यंत तपासली.

"तीन आवाज आहेत. पंपाची घरघर लाकडातून येते, त्याच्याखाली रबर घाल. पाइपाचं तोंड खालच्या पाण्याच्या वर आहे, म्हणून धबधबा. ते बोटभर बुडव. आणि मुख्य चोर पाइपाच्या आत आहे. तो पाण्याबरोबर हवा गिळतोय. दर अकरा सेकंदांनी ढेकर देतो. मोजून बघ."

सूनबाईंनी मोजले. अकरा. पुन्हा मोजले. अकरा.

"बाबा, नऊ वर्षांत मला हे कळलं नाही."

"तू माशांकडे बघत होतीस. बरोबरच आहे. ढेकराकडे कोण बघणार?"

त्या क्षणी त्या वृद्ध कारागिराविषयी त्यांच्या मनात जो आदर दाटला, त्याचे वर्णन करण्यास लेखकाची विद्या अपुरी आहे. त्यांनी पदराने हात पुसले आणि त्या कामाला लागल्या, एवढेच लिहितो.

कापलेल्या जागी त्यांनी व्हॉल्व्ह बसविला. तो किंचित आवळला की पाणी वर तुंबते, पाइपाचे वरचे तोंड बुडते आणि हवा आत शिरत नाही. जास्त आवळला तर पाणी शेजारच्या उंच पाइपात सांडते. तो राखीव पाइप संकटासाठीच होता. पंप सुरू झाला. व्हॉल्व्हची चाकी फिरविण्याचा मान अर्थातच घड्याळजींचा. त्यांनी नखभर फिरविली आणि कान लावला. फरक नाही. आणखी नखभर. आणखी.

"बाबा, थांबा."

"काही होत नाहीये."

"होणार आहे. तुमच्या घड्याळासारखं नाही ते, लगेच उत्तर देत नाही. पाण्याला विचारून पाच मिनिटं बसायचं असतं."

त्यांनी ऐकले नाही. पन्नास वर्षे ज्यांच्या बोटांना तत्काळ जबाब मिळत आला, त्यांना हे कसे पटावे? आणखी दोनदा फिरवून झाले, आणि मग सगळी उत्तरे एकदम आली. पाणी राखीव पाइपात भडभडून कोसळले. हेडमास्तर घाबरून दगडामागे गेले.

"पळाला तुझा हेडमास्तर," घड्याळजी म्हणाले.

"तुम्ही छडी उगारलीत ना."

दोघेही हसले. मग सूनबाईंनी चाकी सैल केली आणि नियम घातला: एकदा फिरवायचे, आणि पाच मिनिटे कोणीही हात लावायचा नाही. ती पाच मिनिटे घड्याळजी मांडीवर हात बांधून, शाळेतल्या मुलासारखे बसत. असे सात वेळा झाले. घरघर आधीच गेली होती, धबधबा गेला होता. सातव्या वेळी ढेकरही आला नाही. सूनबाईंनी वीसपर्यंत मोजले, साठपर्यंत मोजले. पेटीत पाणी चालू होते, स्पंजातून गाळले जात होते, पण खोलीत खिडकीच्या पडद्याची सळसळ ऐकू येऊ लागली.

"गेला," घड्याळजी म्हणाले. मग ते उठले. टेबलावरची इतर घड्याळे त्यांनी आधीच थांबवून ठेवली होती. परत आलेल्यांपैकी ते खिशातले घड्याळ त्यांनी घेतले, चावी दिली आणि डाव्या कानाशी धरले. नंतर उजव्या. नंतर पुन्हा डाव्या, जरा दाबून.

"अगं, अजून कुठे पाणी वाजतंय का?"

सूनबाई कपाटापाशी बसल्या होत्या. त्यांना पाणी ऐकू येत नव्हते. त्यांना ते घड्याळ ऐकू येत होते. सात पावलांवरून, बारीक, स्वच्छ.

त्यांनी कपाटाचे दार उघडले व विनाकारण आत पाहिले. थोडे वाजते आहे, असे म्हणणे सोपे होते. बाबांचा मान राहिला असता. पेटी गेली असती, एवढेच. त्यांनी दार लावले.

"नाही, बाबा. पाणी नाही."

घड्याळजींनी मान हलविली. घड्याळ कानापासून काढून त्याच्या सेकंदकाट्याकडे ते बराच वेळ पाहत राहिले. काटा फिरत होता.

"जाड तेवढं येतं मला," ते म्हणाले. "बारीक गेलंय."

त्याच वेळी काचवाला दारात येऊन उभा राहिला. खांद्यावर दोरी, हातात मोजपट्टी. सूनबाई काही बोलण्यापूर्वीच घड्याळजी बोलले.

"माफ करा, तुमची उगाच पायपीट झाली. पेटी द्यायची नाही. तिच्यावर नाहक आळ घेतला होता. आलाच आहात तर बसा, चहा घ्या."

काचवाला बसला. त्याला वाटले, आता म्हातारेबुवा आत जाऊन पडतील. परंतु त्यांनी टेबलापाशी दुसरे स्टूल ओढले. ज्या टेबलावर त्यांनी कोणास कधी कोपरही टेकू दिले नव्हते, त्यावरची हत्यारे एका बाजूस सरकवून त्यांनी हातभर जागा केली.

"ये, बस इथं. हे कानाला लाव. काय करतंय ते सांग."

सूनबाईंनी ओले हात पुसले आणि घड्याळ कानाशी धरले.

"चाललंय की, बाबा."

"ते मलाही दिसतंय. घाई करू नकोस. पाच मिनिटं ऐक."

त्यांनी ऐकले. कपाळावर आठी पडली.

"लंगडतंय. एक पाऊल लांब, एक आखूड."

"लांब कुठलं? पहिलं की दुसरं?"

"दुसरं."

घड्याळजींनी डोळ्यावर भिंग चढविले आणि हात पुढे केला.

येथवर ज्या वाचकांनी धीराने साथ दिली, त्या सर्वांचे मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
काचवाला