शिवेवरचा नारळ

चंदर उपदेशक भित्रा होता, आणि ही गोष्ट त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती. उपासनेला उभा राहिला की असा खणखणीत बोलायचा, की पेठहून आलेला जीपवालाही इंजिन बंद करून ऐकत बसे. पण दिवस कलला की हाच गडी आतून कडी घालून दाराला वर खाट टेकवायचा. जन्म याच डोंगरातला. अंधारात वाघाचं नावसुद्धा काढायचं नाही, हे आईनं त्याला दुधाबरोबर पाजलेलं. नाशिकला राहून चर्चच्या मंडळीचं सगळं शिक्षण झालं, तरी ते काही उतरलं नाही.

ल्यूथरन मंडळीनं त्याला पेठच्या वरच्या अंगाला या पाड्यावर ठेवलं होतं. पाळकसाहेब महिन्याकाठी नाशिकहून येत, प्रभुभोजन देत. बाकी सारं चंदरवर. दुसरे प्रचारक यायचे, तेल चोळून दमा घालवतो म्हणायचे. याच्याकडे तसलं काही नव्हतं. बाप्तिस्म्याचं पाणी, प्रभुभोजनाची भाकर-द्राक्षरस आणि शब्द, एवढाच माल. "देवाला काही द्यावं लागत नाही," तो सांगे. "देवच देतो, तेही फुकट. पापाची क्षमासुद्धा फुकट. कोंबडं नको, नारळ नको." पाड्याचा कारभारी केरू त्याला तोंडावर हसायचा. "मास्तर, फुकटच्या मालाला गॅरंटी नसती बरं."

बयाबाईला मात्र ते पटलं. म्हातारी एकटी, लेक सिन्नरला कारखान्यात. नवरा आजारी असताना तिनं भगताला दिलं, वाघदेवाला दिलं, कुणी जे सांगेल ते दिलं, आणि नवरा गेला तो गेलाच. "देऊन देऊन हात दुखले, मास्तर," म्हणाली आणि तिनं बाप्तिस्मा घेतला.

मग वाघबारस आली. वाघदेवासाठी घरोघरचे तांदूळ आणि नारळ गोळा व्हायला लागले, तेव्हा तिनं चंदरला विचारलं, देऊ का? भरदुपार होती, चार माणसं ऐकत होती. चंदरला चेव आला. "मावशी, आता एका देवालाच भ्यायचं. बाकी कुणाला नाही." तिनं दिलं नाही. सगळ्या पाड्यात तिचा एकटीचाच नारळ कमी पडला.

दिवाळी सरली, निम्मा पाडा द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरीकडे उतरला, आणि बिबट्या आला. आधी बयाबाईचं कुत्रं गेलं. मग एका पहाटे कुडातून तिच्या दोन बकऱ्यांतली एक ओढून नेली. अंगणातल्या धुळीत पंजे उमटले होते, ते बघायला उरलासुरला पाडा लोटला. तिचं घर ओढ्याच्या कडेला, सगळ्यांत शेवटचं. जनावर आधी तिथंच येणार, यात नवल ते काय? हे चंदरच्या डोक्याला कळत होतं. पोटाला कळत नव्हतं.

वनखात्यानं पिंजरा लावला. बिबट्यानं त्याच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. केरू एकदा मुद्दाम चंदरच्या खोलीवर आला. भांडायला नव्हे, अगदी शांतपणे बसला आणि म्हणाला, "बकरी गेली ती गेली, मास्तर. पण उद्या बाईचा नंबर लागला, तर ते तुमच्या माथी."

ते वाक्य चंदरच्या मानगुटीवर बसलं. केरूच्या घरी झोपायला जा, म्हणून त्यानं बयाबाईला परोपरीनं सांगितलं. ती म्हणे, राहिलेल्या बकरीला कोण बघंल? चंदर प्रार्थनेला बसे, तर तोंडात शब्द आणि कान मागच्या भिंतीला. पान हललं तरी त्याला वाटायचं, गेली म्हातारी. आपल्या एका जोरदार वाक्यापायी गेली.

शेवटी बाजाराच्या दिवशी त्यानं पेठला ओळख नसलेल्या दुकानातून एक नारळ घेतला. पिशवीत बायबल होतं, त्यालाच खेटून तो ठेवला. परतताना ओढ्यापाशी मोटारसायकल लावली आणि दिवस मावळता मावळता शिवेवर चढला. ही काही पूजा नाही, तो स्वतःला समजावत होता, बाईच्या जिवासाठी आहे. ऐनाच्या झाडाखाली वाघदेवाचा लाकडी खांब उभा होता. शेंदूर फासलेला वाघ, वर चंद्र आणि सूर्य. चंदरनं इकडंतिकडं पाहिलं आणि दगडावर नारळ फोडला. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

आणि त्याला एकदम बरं वाटलं. कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं इतकं बरं. या बरं वाटण्यानंच त्याच्या काळजाचं पाणी झालं.

मागं पाचोळा वाजला. वळायची हिंमत होईना. मग टॉर्चचा उजेड त्याच्या पाठीवरून खाली सरकला आणि फुटक्या नारळावर थांबला.

"गाडी दिसली खाली," बयाबाई म्हणाली. तिच्या दुसऱ्या हातात विळा होता. "गाडी हाय आन मानूस नाय. म्हटलं, वाघानं नेलं का काय मास्तरला. म्हणून आले."

चंदरनं ओला हात सदऱ्याला पुसला.

"कुणासाठी फोडला?"

"तुमच्यासाठी, मावशी. तुम्हाला काही झालं असतं तर..."

"मी सांगितलं व्हतं?" तिचा आवाज चिरका झाला. "मी भीत नाय असं वाटलं तुमाला? बकरी वरडली तवा कुडाच्या या अंगाला मी व्हते. तोंडात पदर कोंबून बसले. तवापासनं रातभर विळा धरून बसते. तुमच्या एका शब्दावर बसले मी. आन त्यो शब्द तुमी हितं आणून फोडला."

चंदरला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. "मी उद्याच निघतो," तो कसाबसा म्हणाला. "पाळकसाहेबांना सांगतो, दुसऱ्या कुणाला पाठवा."

"त्योबी मानूसच आसंल ना?"

तेवढ्यात खालच्या झुडपांतून बिबट्याचा आवाज आला. कुणी लाकडावर करवत चालवावी तसा, खरखर, थांबून थांबून. दोघंही जागच्या जागी थिजले. बयाबाईनं टॉर्च काखेत दाबून त्याची बाही घट्ट धरली. तिचं बोटन्‌बोट कापत होतं. म्हातारी किती भ्याली आहे, हे चंदरला त्या घडीला कळलं. आजवर त्यानं विचारलंच नव्हतं.

"म्हणा," ती कुजबुजली.

"काय?"

"काय केलं ते. ऐतवारी आदी पाप कबूल करतो ना आपण, तसं. ह्ये वझं घिऊन ह्या वाटंनं नाय उतरायचं."

"मी भ्यालो," चंदर म्हणाला. "देवापेक्षा याला जास्त भ्यालो. आणि तुम्हाला न विचारता तुमच्या नावानं केलं." मग तो वाटेकडं वळायला लागला. "क्षमा... क्षमा आता पाळकसाहेब आल्यावर..."

"तुमीच सांगितलं व्हतं. पाळक नसला तर कुणाबी भावाबहिणीनं सांगावी, ती देवाचीच. का त्येबी नुसतं बोलायचं व्हतं?"

तिनं विळा पायाशी ठेवला आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. डोळे मात्र झुडपांकडं. "येशूच्या नावानं," ती अडखळत म्हणाली, "तुमच्या पापाची क्षमा झाली. झाली, मास्तर." चंदर उभ्या उभ्या रडला.

मग तो नारळाची भकलं उचलून फेकायला वाकला, तर तिनं अडवलं. "ऱ्हाऊ द्या. केरूचा देव हाय. त्याच्या दारातलं उचलायचं नाय आपण."

तिनं विळा उचलला आणि दोघं उतरू लागले. आवाज थांबला होता, आणि ते जास्तच वाईट होतं. आता तो कुठं असेल, काही कळेना.

"गेली का भीती?" तिनं विचारलं.

"नाही."

"माझीबी नाय. टॉर्च तुमी धरा, माझा हात लय हलतोय."

त्यानं टॉर्च घेतली आणि पुढं झाला. उजेड वाटेवर नाचत राहिला, कारण हात त्याचाही हलत होता. घर आलं. खरं तर इथून त्यानं आपल्या खोलीकडं धूम ठोकायची, आत शिरायचं, कडी लावायची. पाय तिकडं वळलेही होते. पण ओटीवर, मोडक्या कुडाशेजारी, रोज रात्री ती बसायची ती गोणपाटाची घडी त्याला दिसली.

"विळा द्या इकडं, मावशी," तो म्हणाला. "आज तुम्ही झोपा."

तिनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि विळा दिला. थोड्याच वेळात आतून तिचं घोरणं ऐकू यायला लागलं. चंदर गोणपाटावर बसला, शेजारी बांधलेल्या बकरीला पाठ टेकून, आणि उजाडेपर्यंत भीत राहिला.