तिचं स्टूल

"माझ्या लेकीला खोटारडी कोण म्हणालं?" मिस्त्रीने वर्गाच्या दारातूनच आवाज चढवला. अंगावर भुसा तसाच होता. काम अर्धं टाकून तो तडक शाळेत आला होता.

मुलं मैदानात होती. बाईंनी वही मिटली. "तिचं स्टूल बघून पोरं म्हणाली. मी दटावलं त्यांना. पण तीच उभी राहून म्हणाली, 'खरंच हे मी नाही केलं. माझं बाबांनी मोडलं.'"

मिस्त्री आल्या पावली मागे वळला.

मोडलं होतं खरं. प्रत्येकाने स्वतःच्या हाताने एक वस्तू करून न्यायची होती. नऊ वर्षांच्या पोरीने चार दिवस खपून स्टूल ठोकलं. एक पाय आखूड, खिळे वाकडे. सुताराच्या घरातून असला लंगडा माल बाहेर जाणार म्हटल्यावर त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझी अब्रू घालवतेस का?" म्हणत त्याने तिच्यासमोरच ते उचकटलं आणि तासाभरात नवं उभं केलं. बायको म्हणाली होती, "अहो, तिचं तिला करू द्या की!" तर तिलाही झापलं. गिऱ्हाइकांची मुजोरी मुकाट गिळणारा हा वाघ डरकाळ्या फोडायचा त्या मात्र घरात.

परतताना डोकं नुसतं तापलं होतं. पण राग काढायचा कुणावर? बाई खरं बोलल्या होत्या, पोर खरं बोलली होती. आता उरला तो एकटाच, आणि स्वतःवर ओरडायची त्याला सवय नव्हती.

संध्याकाळी लेक गणितं सोडवत बसली होती. त्याने फळीचे तुकडे, खिळे आणि लहान हातोडी तिच्यापुढे ठेवली.

"कर परत. मी हात लावणार नाही."

"नको."

"अगं, वाकडं झालं तर होऊ दे."

"तुमचंच चांगलं आहे. तेच ठेवा." तिने मान वर केली नाही.

त्याच्या ओठांवर आलं होतं, 'बापाला उलट बोलतेस?' ते त्याने कसंबसं गिळलं.

"बरं, गणितं तरी दाखव," म्हणत तो वाकला.

तिने झटकन वहीवर पंजा ठेवला. मग दुसराही ठेवला. तो उठून बाजूला होईपर्यंत तिने हात काढले नाहीत.