सूत्रावर ठोकलेला आकडा

अकरा वर्षं मी हॉस्पिटलच्या तळघरात अपुऱ्या दिवसांच्या बाळांची सलाईनं बनवतोय. काचेमागे मी एकटा. वरून चिठ्ठी येते, मी बाळाचं वजन एक्सेलमध्ये टाकतो, साखर किती, मीठ किती ते शीट सांगते, मी मिसळतो. शीट माझीच. शिकवायला कोणी नव्हतं, धडपडत शिकलो.

आता नवी यंत्रणा येणार म्हणून एक इंजिनिअरबाई आल्या. खुर्ची ओढली आणि पहिलंच वाक्य, "काका, एवढे जीव तुम्ही एक्सेलवर टांगून ठेवलेत? हे काय प्रोग्रामिंग आहे का?"

माझं डोकं फिरलं. "मग काय आहे, शब्दकोडं? एकाही बाळाला चुकीचं गेलेलं नाही."

"कशावरून?"

"अकरा वर्षांत एक तक्रार नाही."

"एवढीशी बाळं तक्रार कशी करणार, काका?"

आठवडाभर त्यांनी माझ्या जुन्या फायली त्यांच्या प्रोग्राममध्ये घालून ताडून पाहिल्या. हजारो उत्तरं जुळली. मी मनात मिशीला पीळ देत होतो. खरं सांगू? शेजारी बसून कोणीतरी माझं काम बघतंय, याचंच जास्त अप्रूप होतं.

शुक्रवारी दुपारी त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. "हे बघा."

चार वर्षांपूर्वीचं बाळ. मिठाच्या चौकटीत सूत्रच नाही, नुसता आकडा. लगेच आठवलं. डॉक्टरांनी फोनवर एका दिवसापुरतं मीठ कमी करायला सांगितलं होतं. मी त्या बाळाच्या शीटमध्ये सूत्रावरच आकडा ठोकला, दुसऱ्या दिवशी सूत्र परत घालायचं विसरलो. पुढचे चार दिवस बाळाला मीठ कमी गेलं.

"पण तपासणाऱ्याची सही आहे की," त्या कागद उलटत म्हणाल्या. मग कागद डोळ्यांजवळ नेला. "दोन्ही सह्या तुमच्याच?"

"बनवणारा निळ्या पेनाने, तपासणारा काळ्या पेनाने. दुसरा माणूस दरवर्षी लेखी मागितला. 'एक्सेल आहे ना तुमच्याकडे,' ऑफिसवाले म्हणाले."

एका माणसाचा पगार वाचवायचा तेव्हा एक्सेल पक्कं. खापर फोडायचं तेव्हा खेळणं. हलकट कुठले. पण आकडा माझ्याच बोटांनी टाकला होता.

वर जाऊन डॉक्टरांना सांगितलं. "बाळ घरी गेलं ना? मग कशाला उकरताय? फारच हौस असेल तर तुम्हीच कळवा आईला."

कळवलं. फोनवर मागे मूल कोणाशी तरी कडाकडा भांडत होतं.

"किती दिवस?" आईने विचारलं.

"चार."

"आणि हे आज सांगताय?"

"आज सापडलं, ताई. चूक माझी."

वाटलं, आता शिव्या. शिव्या चालल्या असत्या.

"थांबा. लिहून घेते. आमच्या डॉक्टरांना दाखवायचंय."

मी एकेका दिवसाचं सांगत गेलो. द्यायचं किती, गेलं किती. संपल्यावर ती म्हणाली, "आता मी वाचते, तुम्ही ऐका." आठही आकडे तिने सावकाश वाचले. तिसरा चुकला होता. मी दुरुस्त केला.

"बघा," ती म्हणाली, "एकदा वाचून दाखवावं लागतं कोणाला तरी."

"कोणाला, ताई?" मी विचारलं. तोवर तिने फोन ठेवला होता.