क्लच कुणी जाळला

सुनेनं गाडीचा क्लच जाळला म्हणून मंगळवारी मी तिच्या हातातनं किल्ली काढून घेतली. सरळ सांगतो की, लपवायचं काय त्यात? बत्तीस वर्षं एस.टी. चालवलीया मी. आंबा घाट म्हणू नका, गगनबावडा म्हणू नका, कुठला चढ सोडला न्हाय. आणि माझ्याच दारातली गाडी चढाला नुसती बोंबलायची, पुढं सरकायची न्हाय. वर जळका वास. पेडल पार वर आल्याशिवाय उचलायची न्हाय. प्लेट संपल्याची ही लक्षणं मला कुणी शिकवायला नकोत. कुणी संपवली, तेबी मला ठाव हाय असं वाटलं.

"बायकांला अर्ध्या क्लचवर गाडी रेटायची सवय," मी म्हणलं. अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणलं.

निशिगंधा, माझी सून, पन्हाळ्याकडच्या एका दवाखान्यात नर्स हाय. कंत्राटी. आठला हजर पायजे, आणि एस.टी. तिला नऊला सोडती. पोरगा माझा पुण्याला, आणि मी हट्टाला पेटलेला, म्हणजे सोडायला कोण न्हाय. बुधवारी उशीर, गुरुवारी उशीर. शुक्रवारी डॉक्टरनं सांगितलं, सोमवारी आठला आला न्हाईत तर येऊच नका, दुसरी बघतो. तिनं हे मला जेवताना सांगितलं, आवाज न चढवता. त्यानं माझं डोस्कं जास्तच फिरलं. भांडली असती तर बरं झालं असतं.

"मामा, मी पेडलवर पाय ठेवून चालवत न्हाय," ती म्हणाली. सासऱ्याला आमच्यात मामा म्हणतात.

"मग भुतानं जाळला व्हय?" म्हणलं, आणि ताटावरनं उठलो.

शनिवारी तिला सुट्टी, तवा गाडी उद्यमनगरात गुरुसिद्धकडं नेली. हा मेकॅनिक, ह्याचा बाप माझ्या डेपोत हुता. निशिगंधालाबी मुद्दाम संगं नेलं, चारचौघांत ऐकवायचं म्हणून. एवढी खुन्नस मनात.

गुरुसिद्धनं हँडब्रेक ओढला, तिसरा गिअर टाकला, जरा रेस दिली आणि क्लच सोडला. इंजिन बंद पडायला पायजे हुतं. पडलं न्हाय, तसंच गुरगुरत राहिलं.

"प्लेट गेली," तो म्हणाला.

"ते मला ठाव हाय. कशानं गेली ते हिला सांग."

"असं बसल्या जागी कसं सांगू, काका? दोघं चालवून दाखवा."

माझं टाळकं सरकलं. माझी परीक्षा घेतोय, काल मिसरूड फुटलेला. पण न्हाय म्हणावं तर तिथली माणसं हसणार. जवळच्या चढाला गेलो.

पयल्यांदा निशिगंधा बसली. क्लच दाबला, गिअर टाकला, आणि पाय सरळ खाली मॅटवर. इंजिन बोंबललं जरा, पण गाडी वर गेली. मग मी बसलो. त्याच चढाला दुसऱ्यात घातली, रेस दिली. इंजिन किंचाळाय लागलं, गाडी जागची हलंना. वास सुटला.

"काका, तुमचा डावा पाय बघा," गुरुसिद्ध मागच्या सीटवरनं म्हणाला.

बघितला. पेडलवर हुता. गिअर टाकून झालता तरी तिथंच.

"उचला."

उचलला. गाडीनं चढ धरला.

आता ऐका. जुन्या लाल एस.टी.चं क्लच पेडल लई जड. ज्याचा पाय पेडलवरनं हलला तो ड्रायव्हरच न्हवं, असं आमचा वस्ताद म्हणायचा. नुसता पाय ठेवून ते दबायचं न्हाय, म्हणून बत्तीस वर्षं काय बिघडलं न्हाय. ह्या बारक्या गाडीचं पेडल मात्र पायाच्या वजनानंच दबतंय. रोज संध्याकाळी बाजारला, दर शनिवारी नृसिंहवाडीला, दोन वर्षं मी प्लेट घासत हुतो आणि मला पत्ता न्हाय.

राग कुणावर काढायचा? गुरुसिद्धवर ओरडलो. पेडल बनवणाऱ्याला शिव्या घातल्या. मेलेल्या वस्तादालाबी घातल्या. मग शिव्या द्यायला कोण उरलं न्हाय, आणि लाज वाटाय लागली. पोरीची नोकरी मी घालवत हुतो, माझ्या पायानं आणि माझ्या तोंडानं.

रविवारी नवी प्लेट बसली. सोमवारी सकाळी सातला मी दारात किल्ली तिच्यापुढं धरली. "क्लच मी जाळला," म्हणलं. शेजारच्या बनाबाई अंगण झाडत हुत्या, त्यांचा हात थांबला. म्हणून परत एकदा, मोठ्यानं म्हणलं.

तिनं किल्ली घेतली आणि हात तसाच पुढं ठेवला. "दुसरीपण द्या."

"ती कशाला?"

"पाय खाली ठेवायची सवय लागंपर्यंत तुम्ही चालवायची न्हाय, मामा. कुठं जायचं असंल तर सांगा, मी सोडीन."

तळपायाची आग मस्तकात गेली. बत्तीस वर्षांत माझ्या हातातनं गाडी काढून घ्यायची कुणाची छाती झाली न्हवती. मग आठवलं. मंगळवारी मी तिला हेच केलतं. फरक एवढाच, की तिचं खरं हुतं. आत जाऊन दुसरी किल्ली आणली आणि तिच्या हातात दिली.