बंद मोसमातलं घर

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कॅराव्हॅन पार्क बंद व्हायचं, म्हणजे अगदी बंद. नळाचं पाणी बंद करायचे, वीज तोडायचे, फाटकाला साखळी लावायचे. मार्च उजाडेपर्यंत किनाऱ्यावरच्या त्या शेकडो कॅराव्हॅनींत, चाकांवरच्या त्या खोल्यांत, कुणी राहता कामा नये, असा नियम होता. ती घरं नव्हतीच मुळी. सुट्टीत येऊन राहायच्या जागा होत्या. खरं घर माणसाला दुसरीकडे असायला हवं.

थेल्मा आणि क्लाइव्हला दुसरं घर नव्हतं. मॅन्सफील्डचं घर विकूनच त्यांनी ही कॅराव्हॅन घेतली होती, क्लाइव्ह मोज्यांच्या कारखान्यातून निवृत्त झाला त्या वर्षी. लग्नापासून दर ऑगस्टात दोघं याच किनाऱ्यावर यायचे, आणि परतताना थेल्मा दरवर्षी गाडीत रडायची. "आता रडायचं काम नाही, राणीसरकार," किल्ली हातात पडली तेव्हा क्लाइव्ह म्हणाला होता. "आता परत जायचंच नाही."

पार्कच्या ऑफिसात पत्ता म्हणून त्यांनी मुलीचा, लिंडसीचा, पत्ता देऊन ठेवला होता आणि बंदीचे दोन महिने तिच्या आणि तिच्या नवऱ्याच्या, डॅरेनच्या, घरीच काढायचे. आजवरचे सगळे हिवाळे असेच निभावले होते. यंदा डिसेंबरात तिचा फोन आला.

"आई, डॅरेनची मुलगी आलीय आमच्याकडे राहायला. तिच्या आईकडे जायचं नाही म्हणते. ती खोली आता तिला... यंदा जरा अवघड आहे गं."

"अगं, मग बरंच झालं की!" थेल्मा म्हणाली. "आम्ही तुला सांगणारच होतो. आम्ही स्पेनला चाललोय."

"स्पेनला? खरंच?" लिंडसीचा आवाज एवढा मोकळा झाला, की थेल्माला शब्द मागे घ्यायची सोयच राहिली नाही.

फोन ठेवला तसा क्लाइव्हनं पेपर खाली केला. "स्पेनला काय काय न्यायचं? लोकरी पायजमा नेऊ का?"

"गप बस तू. काय सांगायला हवं होतं तिला? रस्त्यावर येतोय म्हणून?"

"नाही गं. बरोबर सांगितलंस." तो हसायला गेला आणि खोकत बसला.

शेजारच्या ब्रेंडालाही मग तेच सांगावं लागलं. "मजा आहे बाई तुमची," ती निघताना म्हणाली. "लोळा तिकडे उन्हात. मी लेस्टरला बहिणीचं तोंड बघत बसते."

जवळच्या स्केगनेस गावातली बहुतेक हॉटेलं हिवाळ्यापुरती बंद होती. उघडी होती ती सरकारनं पाठवलेल्या बेघरांनी भरलेली. स्टेशनमागच्या एका बाईनं कशीबशी खोली दिली. भिंतीला ओल, खिडकीत कापड कोंबलेलं. महिना अर्धा सरला आणि त्या बाईच्या घरात पाण्याचा नळ फुटला. तिनं सगळ्यांनाच बाहेर काढलं. त्यानंतर दोघं समुद्रासमोर गाडी लावून गाडीतच झोपू लागले. क्लाइव्हचा खोकला छातीत उतरला.

"घरी जाऊ या," एका सकाळी तो म्हणाला.

"घर बंद आहे, क्लाइव्ह."

"किल्ली आपल्याच खिशात आहे की."

गाडी गावात उभी करून ते वाळूच्या टेकड्यांवरून पायी आत शिरले. पाणी बाटल्यांतून आणायचं, पडदे उघडायचे नाहीत, टीव्ही मुळी नाहीच. सिलिंडरमध्ये थोडा गॅस उरला होता, त्यावर दिवसातून दोनदा चहा आणि डब्यातलं सूप. स्वतःच्याच घरात दोघं चोरासारखी पावलं टाकत होती. तरी पहिले काही दिवस थेल्माला बरं वाटलं. पलंग आपला होता. दुपारी पडद्याच्या फटीतून येईल तेवढ्या उजेडात ते पत्ते खेळायचे, आणि क्लाइव्ह पहिल्यासारखाच लबाडी करायचा.

मग एका सकाळी दारावर टकटक झाली. दोघांनी श्वास रोखला.

"मी आहे, ट्रेव्हर," बाहेरून आवाज आला. ट्रेव्हर पार्कचा राखणदार. "तुमच्या काचेला आतून वाफ धरलीय. बाकी एकाही काचेला नाही."

थेल्मानं दार उघडलं. ट्रेव्हर कुत्र्याची साखळी मनगटाला गुंडाळत उभा होता. तिच्याकडे बघायचं टाळत होता.

"हे बघा थेल्मा, मी काही पाहिलेलं नाही. पण सोमवारी मालक फेरी मारायला येणार आहे. त्याच्या आत निघा. कुठं जायला आहे ना तुम्हाला?"

"आहे की," आतून क्लाइव्ह म्हणाला. "स्पेन."

ट्रेव्हर हसला नाही. दुपारी त्यानं पायरीवर मटण-पाव ठेवला, एक गॅसचा सिलिंडरही ठेवला आणि निघून गेला.

शनिवारी क्लाइव्हला ताप भरला. संध्याकाळपर्यंत तो एक वाक्य एका दमात बोलू शकत नव्हता. थेल्मानं फोन हातात घेतला.

"नको," तो म्हणाला. "अँब्युलन्स आली की फाटक उघडावं लागेल. मग संपलंच सगळं. ट्रेव्हरचंही." दम घेऊन म्हणाला, "सकाळी बघू. सकाळी मी चालत जाईन गाडीपर्यंत."

थेल्मानं त्याच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. मग "बरं" म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

सकाळी त्याचे ओठ निळे पडले होते आणि तो तिला लिंडसी म्हणून हाक मारत होता. तिनं फोन केला. साखळी ट्रेव्हरनंच काढली. स्ट्रेचर नेताना ब्रेंडाच्या फुलांच्या कुंड्या आडव्या आल्या, त्या त्यानंच पायानं बाजूला केल्या.

क्लाइव्ह वाचला. पण फुप्फुसं गेली आणि मेंदूला प्राणवायू कमी पडला होता, त्यातून तो पुरता परत आला नाही. आदल्या दिवशी आणलं असतं तर काय झालं असतं, हे थेल्मानं डॉक्टरला विचारलं नाही. डॉक्टरही आपण होऊन काही बोलला नाही.

लिंडसी धावत आली. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये उभी राहून ओरडली, "आई, मला एक शब्द सांगायचास की!"

"तुला अवघड होतं ना," थेल्मा म्हणाली. तिच्या मनात टोमणा नव्हता. पण लिंडसीला तो टोमणाच लागला. ती रडली, बाबांच्या केसांवरून हात फिरवला आणि गेली. पुढच्या रविवारी आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

नियम मोडला म्हणून पार्कनं कॅराव्हॅन उभी करायची त्यांची जागा काढून घेतली. जुनी कॅराव्हॅन घ्यायला कुणी तयार नव्हतं. ती मोडीत गेली. ट्रेव्हरलाही काढलं. त्याला सगळं ठाऊक होतं, हे मालकाला कसं कळलं कोण जाणे. ब्रेंडानं हे फोनवर सांगितलं, आणि त्यानंतर तिचाही फोन आला नाही.

क्लाइव्हला किनाऱ्यापासून लांब, कोबीच्या शेतांमधल्या एका वृद्धाश्रमात जागा मिळाली. थेल्माला सरकारनं स्केगनेसच्या एका जुन्या हॉटेलात तिसऱ्या मजल्यावर एक खोली दिली. आठवड्यातून दोनदा ती बसनं त्याच्याकडे जाते. तो कधी तिला ओळखतो, कधी पाहुण्याशी बोलावं तसं बोलतो. "तुम्ही लांबून आलात का?" असं अदबीनं विचारतो. ती त्याचा हात धरून बसते आणि चहाची वेळ झाली की उठते.

जूनमध्ये एकदा बसस्टॉपवर एक बाई शेजारी येऊन उभी राहिली. अंगावर उन्हाळी फ्रॉक, खांदे उन्हानं लाल झालेले, हातात पोरांच्या बादल्या आणि फावडी.

"तुम्ही इथल्याच का?" तिनं हसून विचारलं.

"हो, इथलीच."

"नशीबवान हो तुम्ही! मी याला दरवर्षी म्हणते, विकून टाकू सगळं आणि इथंच येऊन राहू." मागे उभ्या असलेल्या नवऱ्याकडे तिनं मान वळवली. "हो ना रे?"

थेल्मानं त्या दोघांकडे पाहिलं. काहीतरी बोलायला तिनं तोंड उघडलं. तेवढ्यात बस आली, पोरांची एकच धांदल उडाली, आणि ती बाई बादल्या सावरत आत चढली. थेल्मा मागून चढली. बसायला जागा नव्हती. वरचा दांडा धरून ती वृद्धाश्रमापर्यंत उभ्यानंच गेली.